घरात कुणाला शुगर?

(लखनौ. विद्यापीठातली एक छोटी प्रयोगशाळा. इथेच हिंदीत वाढलेल्या निनादच्या डाव्या दंडाला बीपीचा पट्टा, उजव्या मुठीत पकड मोजायचं यंत्र. शेजारच्या खुर्चीत त्याचे वडील नरहर. संशोधक वेदिका घड्याळ बघते आहे.)

वेदिका : सोडू नकोस. काटा खुणेवरच राहू दे. आणि श्वास रोखू नकोस.

निनाद : मॅम, हाथ सुन्न हो रहा है.

नरहर : मॅडम, त्याला सवय आहे रोखायची. लहानपणी दूध पितानाही रोखायचा.

वेदिका : काका, तोवर घरच्यांच्या आजारांचं पान भरा ना. कोरंच आहे.

नरहर : कोरं नाही. खाली ‘निरंक’ लिहिलंय.

वेदिका : आई-वडील, आजी-आजोबा, कुणालाच मधुमेह नाही?

नरहर : निरंक.

वेदिका : बरं. निनाद, सोड आता. एकशे अठ्ठेचाळीस, शंभर. आधी एकशे अठरा, शहात्तर होतं.

निनाद : ये ज़्यादा है क्या?

वेदिका : मूठ आवळून धरली की सगळ्यांचंच चढतं. तुझं जरा जास्त चढलं, इतकंच. आई-वडिलांना मधुमेह असेल तर मुलांचं जास्त चढतं का, हेच आम्ही बघतोय. तू दुसऱ्या गटात, मधुमेह नसलेल्या घरातला.

नरहर : आणि एखादा चुकून भलत्याच गटात बसला तर?

वेदिका : तर तुलना बिघडते.

नरहर : आमच्या रेल्वेत चुकीचं माप गेलं तर गाडी घसरते.

वेदिका : इथे गाडी नाही घसरत, काका. फक्त स्वतःची शुगर वेळेत तपासायला हवी, हे त्या मुलाला कळत नाही.

नरहर : ते पान द्या इकडे.

निनाद : क्यों?

नरहर : दुरुस्ती आहे. वडील, होय. अकरा वर्षांपासून. आजोबा, होय.

निनाद : वडील मतलब... आप?

नरहर : तुझे वडील म्हणजे मीच.

निनाद : ग्यारह साल, बाबा?

नरहर : तू सहावीत होतास. परीक्षा झाली की सांगणार होतो. मग दर वर्षी तुझी कुठली ना कुठली परीक्षा निघाली.

निनाद : और गोलियाँ?

नरहर : ऑफिसच्या खणात. रविवारची हिंगाच्या डबीत.

निनाद : आई को पता है?

नरहर : डबी तिचीच आहे.

निनाद : और आजोबा? वो तो हार्ट से गए थे.

नरहर : आधी पाय गेला, मग ते गेले. मी एकवीस वर्षांचा होतो. तेव्हापासून गोड हातात घेतलं की त्यांचा पाय दिसायचा. तू सुखानं खात होतास. म्हटलं, खाऊ दे.

निनाद : मेरे रिज़ल्ट के पेढे आप जेब में रखते थे.

नरहर : मानक नगरला, आपल्या रेल्वे कॉलनीतल्या कुत्र्यांना घालायचो. तू पास झालास की ती फाटकापर्यंत सोडायला यायची.

वेदिका : निनाद, आता तुझा गट बदलेल. संमतीची सही पुन्हा लागेल. पुढच्या चाचणीत बर्फाच्या पाण्यात हात घालायचाय. नको असेल तर सांग, सक्ती नाही.

निनाद : नहीं, करूँगा. सही कुठे?

वेदिका : इथे. आणि एकदा उपाशीपोटी शुगर तपासून घे.

निनाद : बाबा, आपकी कब होती है?

नरहर : दर तीन महिन्यांनी. या सोमवारीच आहे.

निनाद : अकेले जाते हैं?

नरहर : एकटाच. उपाशीपोटी बोलायला कुणी नसलेलं बरं.

निनाद : सोमवारी मी येतो. बोलणार नाही.