आपल्याच माणसाला खोली

जर्मनीत परकं कधी वाटलं म्हणता? ऐका. येना शहरात माझं पीएचडीचं पहिलं वर्ष. वोनहाइममधली, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहातली खोली महिनाअखेर सोडायची होती आणि दुसरी मिळत नव्हती. तेवढ्यात मराठी ग्रुपवर मेसेज आला, "खोली देणे आहे. आपल्याच माणसाला."

मेसेज पुण्याच्या समीरदादाचा, आयटीवाला. लगेच गेले. दिवाणखान्यात शोभेची बुद्धमूर्ती. त्याने चहा दिला, खोली दाखवली, किल्ली टेबलावर ठेवली आणि स्वतःचं रडगाणं सुरू केलं.

"आम्ही घर शोधायचो ना, तेव्हा हे जर्मन फोनवर आडनाव ऐकायचे आणि म्हणायचे, घर कालच गेलं! आडनावावरून माणूस जोखतात, लाज नाही यांना."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं.

"बरं, तुझं आडनाव काय गं?"

"कांबळे."

त्याने किल्ली उचलून खिशात टाकली. "आल्झो... म्हणजे, एकाला शब्द दिलाय गं. कालच."

मी उठले. "दादा, ते जर्मन निदान फोनवरच सांगायचे. चहा पाजून नाही."