सुनेचं वजन मी उतरवलं

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, आणि मला एक सांगा. शहाण्या माणसानं आपल्याला दोन गोष्टी सांगितल्या. रुचली ती एक घेतली, दुसरी झाकून ठेवली. तर मग ऐकलं म्हणायचं का? बोला की. गप्प का?

बरं, मीच सांगते. आजचं आख्यान पुराणातलं नाही, माझ्या घरातलं आहे. चौथीत शाळा सुटली माझी. पोथी अजून बोट ठेवून वाचते. पण घर चालवताना कधी कुणाला विचारलं नाही. हा ताठा ध्यानात ठेवा, सगळं त्यातूनच झालं.

माझी सून वैजयंता. अंगानं चांगली भरलेली, ब्याऐंशी किलो. हसू नका. ते खांबाजवळचे दादा जास्तच हसतायत — दादा, आधी तुमचं उपरणं पोटावरून घसरतंय ते सावरा.

तर वैजयंताची साखर वाढायला लागली. तालुक्याची डॉक्टरीण म्हणाली, वजन उतरवा. रोज चाला, आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचला. डाळ, उसळ, अंडं पोटभर खा. नुसतं चालून आणि उपाशी राहून चरबी जाईल, पण तिच्याबरोबर अंगातलं मांसही जाईल.

सून घरी आली. तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे डबे घेतले, त्यात वाळू भरली आणि परसात दोन्ही हातांनी खालीवर करायला लागली. मी दारातून बघितलं.

म्हटलं, "काय गं, जत्रेच्या कुस्तीत नाव घालायचंय का?"

"आत्याबाई, डॉक्टरीणबाईंनी दोन्ही सांगितलंय. चालायचं आणि उचलायचंही."

"तुझी डॉक्टरीण मानाची घागर वाहते का? मी तीस वर्षं वाहिली. मला कुणी वाळू उचलायला लावली नव्हती."

आता हा मान काय, ते ऐका. आमच्या गावी चैत्रात देवीला न्हाऊ घालतात. पाणी नदीवरून आणायचं पाच घरच्या सुनांनी. तांब्याची घागर काठोकाठ भरायची, घाटाच्या साठ पायऱ्या चढायच्या, मधे कुठं टेकवायची नाही. टेकली तर ते पाणी ओतायचं आणि परत खाली जायचं. आमच्या घराची घागर कधी टेकली नव्हती.

आणि मला तीस वर्षं वाळू का लागली नाही? अहो, रोज विहिरीचं पाणी शेंदत होते, जात्यावर दळत होते! सुनेच्या घरी नळ आला, गिरणी आली. एवढं साधं मला कळलं नाही. मंडळी, कळलं नाही म्हणते तेही खोटं आहे. मला कळून घ्यायचंच नव्हतं.

वाळू मी शेवग्याच्या बुडात ओतली. सुनेला हुकूम दिला — सकाळी तासभर चाल, संध्याकाळी तासभर चाल. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. अंडं तर उंबऱ्याच्या आत नाही. तिनं रिकामे डबे धुऊन माळ्यावर ठेवले.

पाच महिन्यांत चौदा किलो गेले! मी गावभर सांगत फिरले. डॉक्टरला जमलं नसतं, माझ्या शिस्तीनं केलं.

पण बघा, दिसत सगळं होतं. जमिनीवरून उठताना पोरगी हात टेकायला लागली. लोणच्याच्या बरणीचं झाकण नातवाकडून उघडून घ्यायची. चैत्र आला तेव्हा माझ्याजवळ येऊन बसली.

"आत्याबाई, हातात जोर राहिला नाही. यंदा घागर अर्धी भरली तर?"

"अर्धी? आपल्या घराची?"

एवढंच बोलले मी. एवढंच पुरलं.

चाळीस पायऱ्या चढली. मग मान लटपटली, तशी तिनं घागर डोक्यावरून काढून छातीशी धरली. पाय थरथरले, गुडघे दुमडले. घागर सोडून हात टेकला असता तर खरचटण्यावर भागलं असतं. तिनं सोडली नाही. कोपरावर आपटली. दणका वर गेला, खांद्याच्या हाडाचे तीन तुकडे झाले.

दवाखान्यात शुद्धीवर आली आणि मला पहिलं काय विचारलं असेल? "आत्याबाई, घागर टेकली का हो?"

सूप घेऊन पाखडायला बसते ती बाई फोल उडवते, दाणा राखते. मी फोलाबरोबर दाणेही उडवले, आणि सूप हलकं झालं म्हणून मिरवत राहिले.

आता डॉक्टरणीनं परत तेच सांगितलंय, चाला आणि उचला. अर्ध्या किलोच्या तांदळाच्या पिशवीपासून सुरुवात आहे. समोर बसून मी मोजते. पायांत जोर आला, साखर उतरली. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, जाणारही नाही म्हणतात. तिची वेणी रोज मी घालते. ती पाठमोरी बसते ते बरं आहे, माझं तोंड तिला दिसत नाही.

तर मंडळी, आता आरती होईल, प्रसाद घ्या, घरी जा. ताट मागायच्या आधी घरातल्या माणसाला विचारा, डॉक्टर काय म्हणाला ते सगळं सांग. आणि त्याचं सांगून होईपर्यंत तोंड मिटून बसा.

मी बसले नाही.