उद्याच्या लेकरांचं मोल

मंडळी, आधी एक सांगा! आज तुमच्या मांडीवर खेळणारं लेकरू आणि अजून जन्मालाच न आलेलं लेकरू — दोघांच्या जिवाचं मोल सारखं की कमी-जास्त? सारखं म्हणता? अहो, बोलायला काय जातंय! ऐका तर मग.

ऊर्जा खात्यात शर्वरी येरणे नावाची अर्थतज्ज्ञ होती. काम काय? कुठली वीज किती महाग पडेल, तिच्या धुरानं, वाढत्या उन्हानं पुढं किती नुकसान होईल — हे संगणकावर मांडायचं. त्यावरून सरकार धोरण ठरवणार!

प्रश्न आला आंबेझरीचा. तिथल्या बंद पडायला आलेल्या, कोळशाच्या जुन्या वीजकेंद्रात नवा संच बसवायचा, की सौर वीज आणि ती साठवायला बॅटऱ्या? शर्वरीचं गणित म्हणालं — सौर!

तिचे साहेब होते देवतळे. म्हणाले, "मॅडम, एक आकडा फक्त वाढवा."

कुठला? उद्याचं नुकसान आज किती हलकं धरायचं, तो! वाढवला की नातवंडांची होरपळ कागदावर फुकट! काय पण युक्ती — पंचांग फाडलं, ग्रहण टळलं!

शर्वरीची तर बढती तोंडावर आलेली! पण म्हणाली, "साहेब, हवी तर माझी बदली करा. आकडा बदलणार नाही."

मग साहेबांनीच बदलला! आणि आंबेझरीच्या जनसुनावणीत दिमाखात सांगितलं — नवा संचच स्वस्त!

शर्वरी भर मंडपात उठली. "हा आकडा माझा नाही! यात तुमची पुढची पिढी जवळजवळ शून्य धरलीय!"

तेवढ्यात केंद्रातला फिटर मारोती गेडाम तडकला, "अन् आमची पिढी? केंद्र बंद झालं तर आमी खावाचं काय? हे धरलं का तुमी?"

ते शर्वरीनं धरलंच नव्हतं! थाप मारता आली असती, मंडळी. नाही मारली.

"नाही धरलं. चुकलं माझं," ती म्हणाली. "आत्ता धरते — तुमच्यासमोर बसून."

आणि बसली! कामगारांचं नवं शिक्षण, तोवरचा पगार, सगळं घातलं. सौर वीज थोडी महागली — तरी कोळशाहून स्वस्तच! गावानं तिथंच ठराव केला, तिचा हिशेब जोडून सरकारकडं धाडला. सरकारला तो मानावाच लागला — नवा संच रद्द! सौर प्रकल्पात आधी काम केंद्राच्या कामगारांना, ही अट!

आणि शर्वरी? झाली की बदली — भंगाराच्या गोदामावर! गेली, ताठ मानेनं गेली.

हसू नका! "मी कुठं असणार तोवर" — हे म्हणालात ना कधी? तेव्हा आकडा तुम्हीच फिरवलात! उद्या तुमच्याही गावात मंडप पडेल, साहेब येतील. तेव्हा उठायला पाय आहेत ना? मग आत्ताच उभे राहा — आणि नाम असं गर्जा, की त्या खात्याच्या खिडक्या हादरल्या पाहिजेत! विठ्ठल! विठ्ठल!