तेरखेड्याची टाळी

हसू नका, माझं काय चुकलं तेवढं सांगा. आमी तेरखेड्याचे, फटाके बनवणाऱ्या गावचे. कुणी पास झालं, कुणी निवडून आलं, तर आमी टाळ्या वाजवत न्हाय, फटाका लावतो.

बायकोची पहिलीच ट्रायथलॉन व्हती, माकणीच्या धरणावर. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. घरातनं निघतानाच ती म्हणाली, "अहो, तिथं फटाके न्हाय हं." म्हणून म्या एकच सुतळी बॉम्ब खिशात टाकला.

बायकांच्या गटात ती चौथी पाण्याबाहेर आली. मला काय राहवलं न्हाय. बॉम्ब वाजला, आन् काठावर आपल्या शर्यतीच्या पिस्तुलाच्या बाराची वाट बघत उभे असलेले सगळे पुरुष स्पर्धक धडाधड पाण्यात पडले.

आयोजक लालेलाल होऊन आले. "हा माणूस कुणाचा?"

बायको हेल्मेटचा पट्टा लावत व्हती. माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "ओळखत न्हाय." आन् सायकलवर टांग मारून गेली.

शेवटची रेघ तिनं पळत ओलांडली, तेव्हा मी निमूटपणे टाळ्या वाजवत उभा व्हतो. धापा टाकत ती जवळ आली, माझ्या हाताकडं बघितलं आन् म्हणाली,

"एकच आणला व्हता व्हय?"