मनगटाची दोरी

न्हाई आप्पा, ड्रमात हात घालू नका — पातं फिरतंय खाली, बोटं जातेल. कावून एवढं पानी नासलं म्हनता? आता कसं सांगावं, होडीचं इंजिन कोरडं चालवता येत न्हाई, खालून पानी वढतं तवा थंड ऱ्हातं, उगं चालवलं तर आतली रबरी चकती जळून जाती. टँकरचंच पानी हाय, मला काय ठावं न्हाई व्हय? सकाळी माझी बायको अंजना घागर घेऊन ह्या ड्रमापुढं उभी ऱ्हायली, मी लाथ मारली घागरीला — असू द्या, घरातलं घरात. तर कार्बोरेटर धुतला, जुनं पेट्रोल आत गुळावानी चिकटलं होतं, प्लग नवे टाकले, पेट्रोलची नळी चिरलेली होती ती बदलली, न्हाई तर होडीतच भडका. इतकी सालं तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या गोदामात पडून होतं, तरी बगा कसं वाजतंय. लई चांगलं इंजिन हाय, त्याचा काय गुन्हा न्हाई.

तार? कोनची तार? हां, बटनाला आवळलेली — ती कापली मी. न्हाई, परत लावायची न्हाई. बसा. बसा म्हन्लं ना. ही लाल दोरी बगा, नवी आनली. हिचं हे टोक हाकनाऱ्याच्या मनगटाला आन ते टोक इंजिनाच्या बटनाला. मानूस पान्यात पडला की दोरी निसटती, इंजिन जागच्या जागी बंद. एवढंच काम हिचं. आन तुमाला हीच नको.

चेअरमन तवाबी तुमीच होता. आन हाकायला माझा थोरला भाऊ, सटवा. तवाचा दुष्काळ असाच — धरन आटलं, आमचं बुडालेलं गाव वर यायला लागलं, पान्याच्या इतभर खाली घरांच्या भिंती. जाळं वढायला सटवा उठला की दोरी सुटायची, इंजिन बंद पडायचं, आन तुमी काठावरून शिव्या द्यायचे — बर्फाची गाडी थांबलीय, मासं सडतेत. मंग तुमीच म्हन्ले, फेका ती दोरी, बटनाला तार आवळा, मंग इंजिन बंदच पडायचं न्हाई. आवळली त्यानं. दुसऱ्याच दिशी होडी चावडीच्या भिंतीला धडकली, सटवा उलथला पान्यात. थांबली का होडी? कशी थांबल, तार हाय ना. रिकामी होडी सरळ जात न्हाई आप्पा, गिरकी घेती — घेतली गिरकी आन आली माघारी त्याच्याच अंगावर. मंग पुन्हा आली. मांडी फाडली, पोट फाडलं, तो हात वर करून वरडत होता, बंकट, बंकट — माझं नाव, तुमचं न्हाई — आन मी पवत गेलो तर होडी मलाबी जवळ जाऊ देईना. पेट्रोल संपेस्तोवर फिरली त्याच्याभवती. जाळ्यात घालून आनला त्याला, मासंबी होते त्याच जाळ्यात. आन तुमी पोलिसाला काय सांगितलं? पिलेला होता. माझ्या भावानं तोंडाला दारू लावली न्हाई कदी.

पाना खाली ठेवू? ऱ्हाऊ द्या हातात, हातात असला की बोलाया सुचतं मला.

आता आमचा धाकटा भाऊ, शहादेव. त्याला कामावर लावलं तुमी, मला विचारलंबी न्हाई. धरन पुन्हा आटलं, असलं नसलं मासं मरायच्या आत काढायचं, वल्ह्यानं जमत न्हाई — म्हनून आलं ना हे इंजिन माझ्या दारात? सकाळी आला शहादेव, म्हन्ला दादा, तार लाव, आप्पानी सांगितलंय. समजावलं त्याला. हसला. म्हन्ला, सटवादादाला हाकताच येत नव्हतं. मंग काय, मंग पडला तो, हात मोडला, तुमाला निरोप आलाच आसल — पायरीवरून पडला म्हनून. असं काय बगता? न्हाई, पायरी न्हाईच माझ्या दुकानाला. मी मारलं. त्या ऐरनीवर हात धरला त्याचा आन हाच पाना घातला मनगटावर. एकदा घातला, तो वरडला, तरी पुन्हा घातला — निस्ती सूज आली असती तर हळद लावून होडीवर गेला असता, मोडायलाच पायजे होतं. मोडल्यालं कळलं मला, हाताला कळतं. लई जीव हाय माझा त्याच्यावर. मीच रडत होतो, तो न्हाई रडला. जा, सांगा पोलिसाला. अवंदा खरं सांगा.

मंग हाकायचं कोनी? तुमी. आना हात इकडं. आन बे हात — हां. गच्च बांधतो, सुटायची न्हाई. भिंत कुठं हाय तुमाला ठावं हाय, काठावरून बगितलीय की. आता सरका मागं. आजून. सरक म्हन्लं —

ऐकलं? दोरी निसटली, झालं बंद.

सोडू नका दोरी, तशीच ऱ्हाऊ द्या मनगटाला. उचला इंजिन आन निघा. मला बसाया टाइम न्हाई, शहादेव उपाशी हाय. उजवा हात हाय त्याचा, मलाच भरवावं लागतंय.