नुसतं दूध

(ईट गावातल्या दूध संकलन केंद्राचा ओटा. संध्याकाळचं दूध यायला अजून थोडा वेळ आहे.)

वैष्णवी : नको सर, मी घरीच जाते. लॅपटॉप तुमच्याकडं राहू द्या.

मल्लिनाथ सर : जा की. फक्त जाताना एवढं सांग, काल मशीन काय म्हणालं?

वैष्णवी : सगळ्या गावाला माहीत झालंय. 'नापसंत.' मथुराकाकूंचं शेळीचं दूध, नापसंत. त्यांच्या गटातल्या सगळ्या बायांचं, नापसंत. किटल्या भरल्या तशा परत गेल्या. आणि लिंबाजीआबा रांगेतून ओरडले, पोरीच्या कॉम्प्युटरला शेळीचा वास सोसंना म्हणून!

मल्लिनाथ सर : वास त्याला येत नाही. मग नापसंत का केलं?

वैष्णवी : बारावीतल्या पोरीनं प्रोग्राम लिहिला की असंच होतंय, असं रणधीरदादा म्हणाले. केंद्राचे सचिव आहेत ते, त्यांच्यापुढं काय बोलणार? आज पुन्हा तसंच झालं तर शेळीचं दूध कायमचं बंद, असंबी म्हणाले.

मल्लिनाथ सर : रणधीर काय म्हणाला ते मी विचारलंच नाही.

वैष्णवी : ... फॅट कमी भरलं.

मल्लिनाथ सर : कशापेक्षा कमी?

वैष्णवी : म्हशीला जेवढं लागतंय त्याच्यापेक्षा.

मल्लिनाथ सर : दूध शेळीचं आणि माप म्हशीचं?

वैष्णवी : हसू नका ना सर. प्रोग्राममध्ये मी शेळीचा क्लास, म्हणजे तिच्या दुधाचा साचा, म्हशीच्या क्लासखाली घातलाय.

मल्लिनाथ सर : आणि म्हशीचा?

वैष्णवी : गायीच्या खाली.

मथुराबाई : अगं बया! म्हंजी माझ्या शेळीची आज्जी गाय हाय व्हय?

वैष्णवी : काकू! तुम्ही कधी आलात?

मथुराबाई : आत्ताच. बाया तिकडं चिंचंखाली बसल्यात, किटल्या पदराखाली झाकून. आज दूध घालायचं का माघारी न्यायचं, एवढं इचारून ये म्हणल्या.

मल्लिनाथ सर : बसा, मथुराबाई. आधी हिला सांगू द्या. वैष्णवी, शेळी म्हशीखाली का घातलीस?

वैष्णवी : सगळं लिहिलेलं होतं सर. नाव घ्यायचं, वजन घ्यायचं, फॅट तपासायचं, चिठ्ठी काढायची. पुन्हा कशाला लिहायचं? पहिल्यांदा केंद्रात गायीचंच दूध यायचं. मग म्हशीचं आलं, तेव्हा गायीचं वारसानं घेतलं आणि फॅटचा नियम तेवढा बदलला. शेळी आली तेव्हा म्हशीचं घेतलं...

मल्लिनाथ सर : आणि नियम बदलायचा राहिला.

वैष्णवी : व्हय. डेअरीनं शेळीचे आकडे दिलेले होते. माझ्याच डोक्यातून गेलं. पण मशीननं एका शब्दानं सांगितलं नाही सर! गुपचूप म्हशीचा नियम लावला.

मल्लिनाथ सर : त्याची काय चूक? तू म्हणालीस, ही म्हशीची लेक आहे. त्यानं विश्वास ठेवला.

मथुराबाई : गुरुजी, पोरीला बोलू नगासा. पर एक सांगते. म्हशी हायत्या त्या घरच्या बाप्यांच्या नावावर. दूध आमी काढायचं, नाव त्येंचं लागायचं. शेळ्या तेवढ्या आमच्या. ह्या खिडकीवर आमचं नाव पहिल्यांदा लागणार हुतं काल. लुगडं नवं नेसून आल्त्या बाया.

वैष्णवी : म्हणूनच मला तोंड दाखवू वाटंना, काकू.

मल्लिनाथ सर : तोंड नंतर दाखव. आधी मथुराबाईंकडं एक काम आहे. मथुराबाई, मला जरा दूध आणून देता?

मथुराबाई : देते की. कशाचं पायजे?

मल्लिनाथ सर : कशाचंच नको. नुसतं दूध.

मथुराबाई : नुसतं? म्हंजी?

मल्लिनाथ सर : गायीचं नको, म्हशीचं नको, शेळीचं नको. दूध.

मथुराबाई : ऊन लागलंय का गुरुजी? नुसतं दूध कुठं असतंय? कुणाच्या तरी कासंतनंच येणार की ते!

मल्लिनाथ सर : वैष्णवी, ऐकलंस?

वैष्णवी : ... थांबा. थांबा सर. 'दूध' नावाचा क्लास करायचा, पण त्याची वस्तू कधीच बनवता येणार नाही असा.

मल्लिनाथ सर : त्याला काय म्हणतात?

वैष्णवी : अॅब्स्ट्रॅक्ट क्लास! पुस्तकात होतं. पाठ पण केलं होतं.

मल्लिनाथ सर : पाठ केलं म्हणूनच कळलं नाही. बोल पुढं.

वैष्णवी : जे सगळ्या दुधांना सारखंच आहे ते दुधात लिहायचं. नाव, वजन, तपासणी, चिठ्ठी. एकदाच. आणि फॅटचा नियम... तो दुधाला नाहीच. नुसत्या दुधाला कसला नियम? ती जागा मोकळी सोडायची.

मल्लिनाथ सर : मोकळी सोडायची, पण वर लिहून ठेवायचं की जी लेक येईल तिनं ही जागा भरलीच पाहिजे. मग गाय, म्हैस, शेळी कुणाखाली?

वैष्णवी : तिघी दुधाखाली. शेजारी शेजारी.

मथुराबाई : हां! आता कसं बोललीस! बहिणी बहिणी हायत्या त्या.

मल्लिनाथ सर : लिही. घाई नको.

वैष्णवी : दूध झालं... गाय... म्हैस... शेळी. चालवते हां. अरे देवा! सर, लाल अक्षरात चूक दाखवतंय. चालतच नाही. गेलं सगळं!

मल्लिनाथ सर : मोठ्यानं वाच.

वैष्णवी : म्हणतंय, शेळीच्या क्लासमध्ये नियम लिहिलेला नाही. लिहिल्याशिवाय पुढं जाणार नाही.

मल्लिनाथ सर : शाब्बास!

वैष्णवी : शाब्बास काय सर? अडलंय ते!

मल्लिनाथ सर : काल तू हीच गोष्ट विसरली होतीस. काल ते गप्प बसलं आणि रांगेत सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं. आज तीच चूक केलीस, तर त्यानं इथं ओट्यावरच हात धरला. किटली यायच्या आधी.

वैष्णवी : ... खरंच की. म्हणजे आता मला विसरताच येणार नाही.

मथुराबाई : चांगली सासू हाय ही. काम झाल्याबिगर उंबऱ्याभाईर जाऊ देत न्हाय.

वैष्णवी : शेळीचे आकडे टाकले. चाललं सर! काकू, चाललं!

मथुराबाई : आगं पर माझ्या दुधाच्या वजनाचं काय? काल मोठ्या काट्यावर माझी एवढीशी किटली ठिवली तर आकडा हललाच न्हाय. तो काटा कॅनचा हाय. रणधीर म्हणला, एवढंसं दूध काटा मोजत न्हाय.

वैष्णवी : उमाशंकरकाकांच्या किराणा दुकानातला लहान काटा आणला असता. पण त्याला वायर कुठंय? मोठ्या काट्याचं वजन वायरीतून आपोआप येतंय. प्रोग्राम त्याच काट्याला ओळखतो.

मल्लिनाथ सर : प्रोग्रामला काटा कशाला पाहिजे?

वैष्णवी : वजनासाठी.

मल्लिनाथ सर : आणखी कशासाठी? काट्याचा रंग, कंपनी, वायर?

वैष्णवी : नाही. फक्त वजन. ... मग काट्याचा पण अॅब्स्ट्रॅक्ट क्लास करू?

मल्लिनाथ सर : कर. त्यात सगळ्या काट्यांना सारखं असं काय लिहिशील?

वैष्णवी : एकाचं वायरीतून येतंय. दुसऱ्याचं डोळ्यानं वाचून हातानं टाकायचं. सारखं काहीच नाही सर.

मल्लिनाथ सर : म्हणजे एकदाच वर लिहून लेकींना द्यावं असं काहीच नाही. मग उरलं काय?

वैष्णवी : ... शब्द. नुसता शब्द. 'मी वजन सांगीन.' कसं सांगीन ते माझं मी बघीन. इंटरफेस, सर! इंटरफेस म्हणजे दिलेला शब्द!

मल्लिनाथ सर : मी कुठं काय बोललो?

मथुराबाई : गुरुजी, मला उगं असंच इचारायचंय. दुधाखाली लेकी घातल्या, आन् काट्याकडनं शब्द घेतला. दोन्ही येगळं कशापायी?

मल्लिनाथ सर : तुमचं माहेर कुठलं, मथुराबाई?

मथुराबाई : येडशी.

मल्लिनाथ सर : आणखी कुठलं?

मथुराबाई : आणखी कसलं? माहेर एकच असतंय की!

मल्लिनाथ सर : आणि तुम्ही शब्द कुणाकुणाला दिलाय?

मथुराबाई : लई जणांला. गटाची अध्यक्ष हाय, भजनाला टाळ धरते, अंगणवाडीच्या खिचडीला नड आली की हाक मारत्यात.

वैष्णवी : माहेर एक, शब्द कितीबी! सर, शेळीला एकच आई घेता येते, पण शब्द ती पाच जणांना देऊ शकते. हेच पुस्तकात होतं आणि मी त्याच्यावरनं चार वेळा पान उलटलं.

मल्लिनाथ सर : आज पान न उलटताच कळलं. लिही आता.

वैष्णवी : 'वजन सांगणारा.' मोठ्या काट्यानं शब्द दिला... लहान काट्यानं दिला. दुधाला काय, जो कोणी शब्द पाळतो त्याला ते वजन विचारतं. शेळीला हात लावला नाही, म्हशीला हात लावला नाही. काकू, पळा, उमाशंकरकाकांचा काटा आणा!

मथुराबाई : आणलाय तिकडं चिंचंखाली. काल रातीच सांगून ठिवलं हुतं त्याला. मोजायला नको व्हय आमास्नी? आलेच घिऊन.

मल्लिनाथ सर : आलं दूध. रांग लागली बघ. वैष्णवी, खुर्चीवर तू बस.

वैष्णवी : तुम्ही बसा ना सर.

मल्लिनाथ सर : मी दारात उभा आहे. लॅपटॉप माझा असला तरी प्रोग्राम तुझा आहे.

वैष्णवी : गाय... पसंत. म्हैस... पसंत. जुनं काही बिघडलं नाही सर! ... काकू, या.

मथुराबाई : आले गं. धर किटली.

वैष्णवी : लहान काट्यावर ठेवा. वजन टाकते. आता फॅट... रणधीरदादा, जरा पाठीमागं व्हा, उजेड अडतोय. ...

मथुराबाई : काय म्हणतंय? बोल की!

वैष्णवी : पसंत.

मथुराबाई : काय?

वैष्णवी : पसंत, काकू! शेळीचं दूध, पसंत! सर, बघितलंत का? पसंत!

मल्लिनाथ सर : मी ऐकलं. चिंचेपर्यंत ऐकू गेलंय. बघ, बाया उठल्या सगळ्या.

मथुराबाई : चिठ्ठी वाच. मोठ्यानं वाच.

वैष्णवी : नाव : मथुराबाई. दूध : शेळी. पसंत.

मथुराबाई : नावाचं परत वाच.

वैष्णवी : मथुराबाई.

मथुराबाई : हां. ... लिंबाजीभाऊ, जरा मागं सरा. आमच्या बाया यायच्यात अजून.