कावळ्याले देल्लेला शब्द

...आन् वरून लोक मले इचारतात, 'नत्थुजी, इटली पाहून आले म्हने, मजा आली का?' कायची मजा बावा! गुडघे वाजून राहिले, इमानात पाय लांब करता येत नाई, संडासात पानी नाई, नुसता कागद! तुमी म्हनान, मंग या वयात गेले कायले? तुमाले सांगतो, हौस नव्हती हो. कावळ्याले शब्द देल्ला होता ना.

आमची पार्बता गेली, तवा दहाव्याले पूर्णेच्या काठावर पिंड ठेवला, आन् कावळा शिवेच ना. बाभळीवर चार-पाच बसून, पन खाली एक उतरन तं शप्पथ. ऊन तापलं, पाव्हने घड्याळ पाहाले लागले. माहा साळा भगवंत हात जोडून पिंडाले सांगते, 'बाई, तुही गाय कोनी इकनार नाई.' कावळा ढिम्म. 'बाई, भाऊजीले तिखट खाऊ देनार नाई.' ढिम्म. महाराज म्हने, 'दर्भाचा कावळा करून लावू, मले बार्शीटाकळीले दुसरं काम हाय.' तवा माह्या तोंडातून निघालं, 'पार्बते, विपुलची आन् तुही भेट करून देतो.' बोलाले उशीर, कावळा झपकन खाली! सारे म्हने, 'सुटली बाई.' सुटली ती, अडकलो मी.

विपुल म्हनजे आमचा एकुलता एक पोरगा, इटलीत नोकरीले. माय गेली तरी आला नाई, सुट्टी भेटली नाई म्हने. मोबाईलवर पाह्यली त्यानं मयत. शेजारच्या गोपालनं मोबाईल धरला होता, रडून रडून त्याचा हात हाले, तं हा तिकडून म्हनते, 'गोपालदादा, जरा स्थिर धरा ना.' मंग मी किती डाव म्हन्लं, बावा, एक चक्कर मार घरी. तं म्हने, 'बाबा, इकडे फार काम आहे, तुम्हीच या ना.' अकोल्याचं पोट्टं, पन बोली पुन्याची झाली त्याची. तो येत नाई तं मीच गेलो. करता काय, कावळ्याले शब्द देल्ला होता ना.

तिथं त्यानं मले सिरमियोने म्हनून गावाले नेलं. गार्डा नावाचं तळं, डोळा पुरत नाई इतकं, आन् गावाच्या तोंडावरच पान्यात उभा किल्ला. पुलावरून आत जा लागते. विपुल सांगून राहिला, 'बाबा, हे बुरूज बघा, सातशे वर्षं जुने...' म्हन्लं, आपला बाळापूरचा किल्ला नाई का दोन नद्यांच्या मधात? त्याले एसटी जाते! जो तो आइस्क्रीम चाटून राहिला, आन् मी? माह्या खिशात पार्बताचा फोटो, थैलीत भाताचा मुटका, वर घरून नेलेले काळे तीळ.

किल्ल्यापाशी दगडी कठडा होता. तिथं मुटका ठेवला, बाजूले फोटो. पयले आलं बदक. हाट्! बदक चालत नाई हो, शास्त्रात बदक नाई. त्याले छत्रीनं हाकलतो, तं एक टोपीवाली पाहारेकरीन बोट हलवत आली, 'नो, नो, सिन्योरे!' विपुल लाजून अर्धा झाला. 'बाबा, इथे पक्ष्यांना खायला घालत नाहीत, दंड होतो.' म्हन्लं, तिले सांग, फोटोतली बाई तुही माय हाय. त्यानं काय सांगतलं देव जाने, पन बाईनं बोट खाली घेतलं. फोटोकडं पाह्यलं, टोपी काढली आन् बाजूले उभी राह्यली.

आन् आला ना बावा कावळा! भुरक्या अंगाचा, काळ्या डोक्याचा. कठड्यावर बसला. म्हन्लं, 'पार्बते, आनलं ना तुले? हे पाह्य तळं, हा पाह्य तुहा पोरगा. झाली भेट, शिव आता, मले मोकळं कर.' कावळा मुटक्याकडं पाहीना. मान वाकडी करून विपुलकडं पाहून राहिला. आन् विपुल? मोबाईलमधी. तवा मले समजलं हो. तिले तळं, किल्ला काय करा लागते? तिले पोरगा घरी पायजे होता, आपल्या दारात. पोराले म्हन्लं, 'बावा, माहा शब्द संपला. आता तू बोल.'

त्यानं मोबाईल खिशात ठेवला. डोळे भरले त्याचे, खोटं कायले सांगू. पुन्याची बोली कुठच्या कुठं गेली. म्हने, 'दिवाळीले येतो व माय. पक्का येतो.'

कावळ्यानं आयकलं, पुरं आयकून घेतलं, आन् भुर्रकन उडून गेला. मुटका बदकानं खाल्ला.

लय शिव्या देल्ल्या मी त्या कावळ्याले, इमानात बसेपर्यंत देल्ल्या. लेकरू रडून सांगून राहिलं, आन् तुले इश्वास नाई? मंग दिवाळी आली. दारात पनती लावून बसलो मी. गोपालनं मोबाईल धरला, विपुलनं तिकडून पनती पाह्यली. 'छान दिसतेय बाबा,' म्हने.

पूर्णेवरचा कावळा भोळा होता बिचारा, माह्या शब्दावर खाली उतरला. तिकडचा विपुलले वळखते.